पुन्हा द्यावी का? - एका परीक्षेचा छोटासा इतिहास

जीमॅटमध्ये 635 आले, तर पुन्हा बसायचं की नाही? गेला आठवडाभर डोक्यात हेच. मित्रांना विचारलं तर जितकी तोंडं तितकी मतं. मग म्हटलं, विकांत आहे, जरा इतिहासच बघू. झालं असं, की उत्तराचा बराचसा भाग तिथेच सापडला.

1953 साली अमेरिकेतल्या नऊ बिझनेस स्कूल्सनी ईटीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेशी बैठक केली आणि 1954 मध्ये पहिली परीक्षा झाली. तेव्हाचं नाव भलतंच लांबलचक होतं, 'अ‍ॅडमिशन टेस्ट फॉर ग्रॅज्युएट स्टडी इन बिझनेस'. जीमॅट हे बारसं 1976 चं. पेपर-पेन्सिलचा कारभार, तोही वर्षातून मोजक्याच वेळा. हुकलं की पुढच्या तारखेची वाट बघत बसा. 1997 मध्ये परीक्षा संगणकावर गेली आणि तारीख आपण निवडायची सोय झाली.

पण खरी गंमत पुढे आहे. जून 2014 पर्यंत गुण ठेवायचे की रद्द करायचे हे ते बघण्याआधीच सांगावं लागायचं! म्हणजे आंधळी कोशिंबीर. रद्द केलेच तर अहवालात तसा शेरा पडायचा, तो कॉलेजलाही दिसायचा. 2014 मध्ये आधी गुण दिसू लागले, 2015 मध्ये तो शेरा गेला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत तर कुठले गुण पाठवायचे ते निकाल बघून ठरवता येतं. थोडक्यात, 'लोक काय म्हणतील' हे कारण नियमांनीच टप्प्याटप्प्याने काढून टाकलं.

आपल्या कॅटचं तसं नाही. ती वर्षातून एकदाच, म्हणजे पुन्हा द्यायची तर वर्ष गेलं. 23 नोव्हेंबर 2003 ची कॅट पेपर फुटल्यामुळे रद्द झाली आणि 15 फेब्रुवारी 2004 ला परत झाली. लाखाहून अधिक मुलांना काहीही न ठरवता पुन्हा बसावं लागलं! त्या मानाने जीमॅटला 16 दिवसांचं अंतर ठेवलं की पुन्हा बसता येतं, बारा महिन्यांत पाच वेळा.

तर मंडळी, मुद्दा असा की लाज उरली नाही, उरला तो हिशोब. जुन्या परीक्षेत एकूण गुणांमध्ये साधारण 30 ची प्रमाण त्रुटी धरायचे. आजचं मोजमापही काही सोनाराचा काटा नव्हे. म्हणून एकाच निकालावर भाळू नये आणि रडूही नये. माझ्या चार सराव परीक्षांची सरासरी 665 आहे. गणित आणि भाषेत सरावाइतकेच गुण मिळाले. डेटा इनसाइट्समध्ये मात्र सरावात 82 यायचे, तिथे 78 आले. तिन्ही विभागांना सारखंच वजन आहे, त्यामुळे त्या चार गुणांतच एकूण जवळजवळ 27 गुण गेले. चार सरासऱ्यांवर एकापेक्षा जास्त विश्वास ठेवणं हे साधं संख्याशास्त्र झालं. सराव 635 च्याच आसपास असता, तर नुसतं पुन्हा बसून काही हाती लागलं नसतं.

आता दुसरी बाजू. वय 32, घराचा हप्ता चालू, आणि ऑफिसनंतरचे दोन तास म्हणजे लेकीचे दोन तास. ते मागच्या चार महिन्यांत बरेच खाल्ले. बायको म्हणाली, "दे हवं तर, पण रात्रीचा वेळ तिचा." हे मला पटलं.

म्हणून ठरवलंय: तीन आठवडे, पहाटे पाच ते सात, फक्त डेटा इनसाइट्स. एकदाच बसायचं. 665 आले तर उत्तम, नाही तर 635 वरच अर्ज करायचे. अर्जातला निबंध तसाही अजून लिहायचा राहिलाय.

असो. उद्या सोमवार!