पुनर्भरण विहिरींची तापमान-परीक्षा

अहिल्यानगर : पावसाचे पाणी गाळून बोअरमध्ये सोडले की ते भूगर्भात मुरले, असे मानले जाते. ते नेमक्या कोणत्या खोलीवर मुरले आणि केसिंगच्या मागून दूषित पाणीही सोबत उतरले काय, हे वरून दिसत नाही. ते शोधण्याचा एक जुना मार्ग म्हणजे विवराचे तापमान-आलेखन होय.

पर्जन्यछायेतील नगर जिल्ह्याचा (२०२४ पासून अहिल्यानगर) बहुतांश भाग बसाल्ट खडकाचा आहे. वर माती व मुरूम, त्याखाली काळा पाषाण आणि मांजऱ्या खडक यांचे थर अशी ही रचना असते. बोअरला केसिंग पाइप असतो तो सहसा मुरमापुरताच. खाली विवर उघडे राहते. पाइपाचे टोक कठीण खडकात घट्ट बसले नसेल किंवा पाइपाभोवतीची पोकळी सिमेंटने भरली नसेल, तर गोठ्याचे, शौचालयाचे वा खतमिश्रित पाणी न गाळता थेट खोल झऱ्यापर्यंत पोहोचते. तोच झरा शेजारच्या वस्तीची तहान भागवीत असतो. गाळणीवर होणारा खर्च अशा वेळी वाया जातो.

या परीक्षेचे नियम सर्वाधिक तपशिलाने आखले गेले ते अमेरिकेत. तेथील १९७४ च्या सुरक्षित पेयजल कायद्यान्वये, जमिनीत द्रव सोडणाऱ्या विहिरींबाबत दोन प्रश्न विचारले जातात : नळी गळते काय, आणि नळीबाहेरच्या पोकळीतून द्रव पेयजलाच्या थरात शिरतो काय? पहिल्याचे उत्तर दाब-चाचणी देते, दुसऱ्यासाठी तापमान किंवा ध्वनी-आलेखन मान्य आहे. भारतात त्याच वर्षीच्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाच्या कलम २४ नुसार विहिरीत प्रदूषक सोडण्यास मनाई आहे. त्यामुळे नगरसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न उभा राहतो तो मुख्यतः पावसाच्या पाण्यापुरता.

पद्धतीचे तत्त्व साधे आहे. खोलीगणिक खडकाचे तापमान वाढते. दर किलोमीटरला सर्वसाधारणपणे २५ ते ३० अंश सेल्सिअस. पावसाळ्यात सोडलेले पाणी खडकापेक्षा थंड असते. पाणी सोडणे थांबवून एक-दोन दिवस विहीर स्वस्थ ठेवली, की ज्या थराने पाणी घेतलेले नाही तो लवकर मूळ तापमानावर येतो. ज्याने घेतले तो मात्र दीर्घकाळ थंड राहतो. संवेदक संथपणे वरून खाली उतरवला जातो, कारण वर ओढताना विहिरीतील पाणी ढवळले जाते. काही तासांच्या अंतराने पुन्हा आलेख काढून दोन्ही ताडून पाहतात. केसिंगमागे थंडावा रेंगाळलेला आढळला, तर तेथून पाणी उतरत असल्याचा संशय घ्यावा.

नगरकडील बोअरसाठी मात्र ही परीक्षा तेलविहिरीइतकी सोपी नाही. १०० मीटरच्या बोअरमध्ये एकूण फरकच जेमतेम अडीच-तीन अंशांचा. म्हणून अंशाचा शंभरावा भाग टिपणारा संवेदक लागतो. शिवाय वरच्या दहा-पंधरा मीटरमध्ये ऋतूनुसार तापमान बदलते आणि केसिंग असते ते नेमके तेथेच! उन्हाळ्यातील एकाच आलेखावरून पावसाळ्यातील गळतीचा निवाडा करणे म्हणूनच धोक्याचे. पाणी सोडण्याच्या लगेच आधीचा आलेख हाताशी हवा.

बसाल्टमधील तापमान-मापन महाराष्ट्राला नवे नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे खोदलेल्या ६१७ मीटरच्या विवरात भूगर्भातील उष्णताप्रवाह मोजला गेला.

आलेखावर आणखी एक खूण दिसते. खोली वाढूनही तापमान जागचे हलत नसेल, रेषा सरळ उभी राहिली असेल, तर विवरातूनच एका थराचे पाणी दुसऱ्यात वाहत असण्याची शक्यता असते. बोअर घेतल्यावर शेजारची विहीर आटल्याची शेतकऱ्यांची तक्रार अशा ठिकाणी तपासून पाहण्याजोगी ठरते. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घेण्यास ग्रामसभेतूनच बंदी घातली आहे.

सोडलेले पाणी आणि खडक यांचे तापमान सारखे असेल, तर मात्र ही परीक्षा आंधळी ठरते. तेव्हा ध्वनी-आलेखन वा मागोवा घेणारे रसायन वापरावे लागते. गळती सिद्ध झाल्यास केसिंगभोवतीची पोकळी सिमेंटने भरून घेणे आणि तोपर्यंत त्या बोअरमध्ये पाणी न सोडणे, हा उपाय आहे.