हलके विमान, हौशी बांधणीचे : सामग्रीची निवड (स्टेट कॉलेज परिसर)

कारखान्याऐवजी घराच्या गॅरेजमध्ये किंवा लहानशा कर्मशाळेत, शिक्षणासाठी वा हौसेसाठी बांधलेल्या बहुधा एक वा दोन आसनी विमानाला हौशी बांधणीचे विमान म्हणतात. अमेरिकेत अशा विमानाची नोंद ‘प्रायोगिक–हौशी बांधणी’ या वर्गात होते, आणि त्यासाठी निम्म्याहून अधिक काम हौशी बांधणाऱ्यांनी स्वतः केल्याचे दाखवावे लागते. कोणते द्रव्य वापरावे हे मात्र संघराज्यीय विमानवाहतूक प्रशासन ठरवून देत नाही. ते बांधणाऱ्याच्या समजुतीवर सोडलेले असल्यामुळे सामग्रीची निवड हा या छंदातील पहिला आणि पुढे बदलण्यास सर्वांत अवघड असा निर्णय ठरतो. याहून हलक्या, एक आसनी ‘अल्ट्रालाइट’ विमानांना नोंदणी लागत नाही, पण इंजिनवाल्या अल्ट्रालाइटचे रिकामे वजन २५४ पौंडांपेक्षा (सु. ११५ किग्रॅ.) कमी असावे लागत असल्याने तेथे निवड बरीचशी या आकड्यानेच होते.

परिसर : पेनसिल्व्हेनियाच्या मध्यभागी, निटनी खोऱ्यात वसलेले स्टेट कॉलेज हे पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे गाव होय. त्याच्या ईशान्येस मोटारीने तासाभराच्या आत लॉक हेवन लागते. ब्रॅडफर्ड येथील कारखाना १९३७ मध्ये जळाल्यावर विल्यम पायपर यांनी आपला विमानबांधणीचा उद्योग लॉक हेवनमधील एका बंद पडलेल्या रेशीम गिरणीत हलविला आणि तेथे ‘जे-३ कब’ या विमानाचे जवळजवळ २०,००० नमुने तयार झाले. १९८४ मध्ये हा कारखाना बंद झाला. स्टेट कॉलेजच्या वायव्येस बाल्ड ईगल ही लांबलचक डोंगरधार असून तिच्यावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्याच्या आधाराने १९७० च्या दशकात हजार मैलांहून लांब पल्ल्याची ग्लायडर-उड्डाणे झाली. जो वारा ग्लायडरला उचलतो तोच धारेच्या पाठीमागे भोवऱ्यांत मोडतो आणि पंखांवर झटक्यांचा भार आणतो, ही गोष्ट येथील बांधणाऱ्याला हिशेबात धरावी लागते. विद्यापीठाच्या वायु-अवकाश अभियांत्रिकी विभागात विद्यार्थी ग्लायडर आणि मानवी शक्तीवर चालणारे विमान स्वतः आखून बांधतात, असा अभ्यासक्रम आहे.

निवडीचे तत्त्व : पोलाद, अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू आणि स्प्रूस यांच्या घनता अनुक्रमे सु. ७.८५, २.७८ व ०.४३ ग्रॅ./घ. सेंमी. इतक्या भिन्न असल्या, तरी ताठपणाच्या गुणांकाला घनतेने भागले असता तिन्हींचे उत्तर जवळजवळ सारखेच येते. तेव्हा एक द्रव्य दुसऱ्यापेक्षा ‘ताठ’ आहे, या विधानाला विमानाच्या संदर्भात फारसा अर्थ उरत नाही. फरक पडतो तो जाडीमुळे. तेवढ्याच वजनाचा स्प्रूसचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमच्या सहापटींहून अधिक जाड होतो आणि पातळ पत्रा दाबाखाली ज्या रीतीने सुरकुततो, त्या रीतीने तो सहसा सुरकुतत नाही. म्हणूनच कमी वेगाच्या, कमी भाराच्या विमानात लाकडाने आपली जागा आजही सोडलेली नाही.

लाकूड : पंखतुळईसाठी, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाऊन त्याचा मुख्य भार पेलणाऱ्या तुळईसाठी, सिट्का स्प्रूस हे प्रमाण लाकूड मानले जाते व इतर जातींची तुलना त्याच्याशी केली जाते. ते अलास्का ते उत्तर कॅलिफोर्निया या पॅसिफिक किनारपट्टीवर वाढते, पेनसिल्व्हेनियात नाही. येथील रानांत मिळणारा पांढरा पाइन घडवायला सोपा असतो, परंतु त्याची ताकद स्प्रूसच्या ८५ ते ९६ टक्केच असल्याने छेद वाढविल्याशिवाय तो चालत नाही, तर डग्लस फर स्प्रूसहून बळकट व जड असून त्याच मापात वापरता येतो. जातीपेक्षाही फळीची पारख महत्त्वाची आहे. तंतूंची दिशा फळीच्या कडेपासून १५ इंचांत १ इंचापेक्षा जास्त तिरकी जाता कामा नये आणि टोकाकडून पाहता इंचाला किमान सहा वार्षिक वलये मोजता आली पाहिजेत. झाड वाऱ्याने वाकताना वा कोसळताना तंतू दाबले जाऊन उमटलेली आडवी बारीक रेघ, म्हणजे दाबतडा, दिसली तर फळी कितीही स्वच्छ असो, ती बाद करावी लागते. ही रेघ उजेड तिरपा धरल्याशिवाय दिसत नाही आणि पुष्कळदा रंधा मारल्यावरच प्रकट होते. प्लायवुड बर्च लाकडाचे, विमानासाठी प्रमाणित केलेले घेतात, आणि पिळाचा भार पेलावयाचा असेल तेथे त्याचे तंतू तुळईशी ४५ अंशांच्या कोनात ठेवतात.

डिंकाचा प्रश्न या गावात हवामानाशी जोडलेला आहे. रिसॉर्सिनॉल डिंक पाण्याला व उष्णतेला उत्तम टिकतो, मात्र त्याला सु. २१° से.च्या वरचे तापमान, चोख बसणारा सांधा आणि भरपूर दाब लागतो; जानेवारीत तापमान बहुधा गोठणबिंदूखाली राहणाऱ्या प्रदेशात, न तापविलेल्या गॅरेजमध्ये या अटी पाळता येत नाहीत. इपॉक्सी सांध्यातील फट भरून काढते व कमी दाबात जुळते, परंतु थंडीत फार सावकाश घट्ट होते आणि उन्हात तापल्यावर मऊ पडू लागते, यामुळे इपॉक्सीने जोडलेली विमाने फिकट रंगात रंगविण्याची रीत आहे. लाकडी विमानाला ‘जुने’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांचा खरा आक्षेप बहुतेक वेळा लाकडावर नसून वाईट डिंकावर आणि ओल साठणाऱ्या कोपऱ्यांवर असतो.

पोलादी नळ्या : क्रोमियम व मॉलिब्डेनम असलेले ४१३० या क्रमांकाचे पोलाद धडाच्या सांगाड्यासाठी वापरतात. कबच्या धडात ते जास्त ताणाच्या जागी व इतरत्र साधे पोलाद असे. कबच्या पंखतुळया आधी स्प्रूसच्या होत्या व पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या झाल्या. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने बांधलेले आणि १९५८ मध्ये प्रथम उडालेले ‘पुष्पक’ हेही याच घराण्यातले, नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेले विमान होय. नळ्यांचे वेल्डिंग शिकावे लागते, मात्र सांधा डोळ्यांनी तपासता येतो, हा त्याचा मोठा गुण. नळी आतून गंजू नये म्हणून तीत जवसाचे तेल फिरवून तोंडे बंद करण्याची पद्धत होती.

अ‍ॅल्युमिनियम : रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांच्या ‘आरव्ही’ विमानमालिकेत २०२४-टी३ हा मिश्रधातू, तर क्रिस हाइंट्झ यांच्या विमान-आराखड्यांत ६०६१-टी६ प्रामुख्याने आढळतो. पहिला अधिक ताकदीचा, दुसरा गंजाला अधिक टिकणारा व स्वस्त. आगाऊ भोके पाडलेल्या पत्र्यांचे संच मिळू लागल्यापासून नवशिक्यांचा कल धातूकडे झाला आहे. कार्बनतंतू अ‍ॅल्युमिनियमला थेट टेकवल्यास ओलाव्यात विद्युत-रासायनिक गंज धरतो, यासाठी मध्ये काचतंतूंचा थर देतात.

संमिश्र द्रव्ये : बर्ट रुटान यांच्या ‘व्हेरीईझी’ या विमानाने (१९७५) साचा न करता फोमचा गाभा तापलेल्या तारेने कापून त्यावर काचतंतूंचे कापड इपॉक्सीने चढविण्याची रीत रूढ केली. आकार सुबक येतो; मात्र सांध्याच्या आत काय आहे ते बाहेरून कळत नाही आणि रेझीन हाताने किती पडले यावर वजन अवलंबून राहते. पॉलिस्टायरीन फोम पेट्रोलात विरघळतो. पॉलियुरेथेन फोम तारेने कापल्यास विषारी वायू सुटतो.

आवरण : सुती कापडाची जागा उष्णतेने आवळणाऱ्या पॉलिएस्टर कापडाने घेतली आहे.

इंजिन : हा विषय प्रस्तुत नोंदीच्या कक्षेबाहेरचा आहे.

महाराष्ट्र : येथे स्प्रूस होत नाही आणि सागवान टिकाऊ असले तरी घनतेने दीडपट भरते. अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली येथील इमारतीच्या गच्चीवर उभारलेले सहा आसनी विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी या खुणेने त्याची नोंदणी झाली.