गिरणगाव : नागरी वारसा आणि स्थित्यंतर

मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. पुढे लालबाग-परळ परिसरात गिरण्या व चाळी यांतून गिरणगाव आकारास आले. १९८२ च्या संपानंतर त्याचा ऱ्हास वेगाने झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार गिरण्यांची जमीन मोकळ्या जागा, सार्वजनिक गृहनिर्माण व मालक यांच्यात विभागली जाणार होती. मात्र २००१ च्या दुरुस्तीने ही विभागणी बांधकामविरहित जमिनीपुरती मर्यादित केली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. परिणामी सार्वजनिक वाटा घटला. काही धुरांडी उरली. त्यांच्या सावलीतील अनेक कामगार कुटुंबे मात्र विस्थापित झाली. म्हणूनच कामगारांच्या निवाऱ्याचा प्रश्न वगळून केलेले वास्तुजतन अपुरे ठरते.