निर्मितिउद्योगांतील जुन्या आज्ञावलींचे प्रतिस्थापन

कारखान्यातील मालसाठा, खरेदी, उत्पादनाचे वेळापत्रक, विक्री, परिव्यय व हिशेब ही कामे करणाऱ्या संगणकीय आज्ञावली म्हणजेच सॉफ्टवेअर कालबाह्य झाल्यावर त्यांच्या जागी नव्या आज्ञावली बसविण्याच्या कार्यास आज्ञावलींचे प्रतिस्थापन म्हणतात. यंत्राप्रमाणे आज्ञावली झिजत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेली आज्ञावली पहिल्या दिवसाइतकेच बिनचूक गणित करू शकते. तिची कालबाह्यता बाहेरून येते. ती ज्या संगणकावर चालते तो बाजारातून नाहीसा होतो, पुरवठादार देखभाल थांबवितो, करकायदा बदलतो किंवा तिचे अंतरंग जाणणारे कर्मचारी निवृत्त होतात. लेथ जुना झाला की, त्यावर केलेल्या कामाची मापे चुकू लागतात व झीज लगेच लक्षात येते. आज्ञावलीच्या बाबतीत अशी दृश्य सूचना मिळत नाही. त्यामुळे तिच्या बदलीचा विचार लांबणीवर पडतो आणि अखेरीस एखाद्या ठरलेल्या तारखेच्या दडपणाखाली तो बदल करावा लागतो. गेल्या सहा दशकांच्या इतिहासात याची अनेक उदाहरणे आढळतात.

प्रारंभ : कारखान्यातील नोंदी प्रथम छिद्रित पत्रांवर व पुढे चुंबकीय फितींवर ठेवीत. या साधनांवरील नोंदी क्रमानेच वाचाव्या लागत. आयबीएम कंपनीने १९५६ साली जाहीर केलेल्या ‘रॅमॅक’ संगणकात चुंबकीय तबकड्यांचा वापर असल्यामुळे हवी ती नोंद थेट काढता येऊ लागली. त्यातून सामग्रीच्या गरजेचे नियोजन करण्याची पद्धत विकसित झाली. तिचे तत्त्व सोपे आहे. १०० पंपांची मागणी असून प्रत्येक पंपाला ४ बोल्ट लागत असतील, तर एकूण गरज ४०० बोल्टांची होते. कोठारात १५० शिल्लक असल्यास २५० मागवावे लागतात आणि ते हाती येण्यास तीन आठवडे लागत असल्यास मागणी तितके आधी नोंदवावी लागते. हजारो सुट्या भागांसाठी हे गणित हाताने वरचेवर करणे शक्य नसते. जोसेफ ऑर्लिकी यांनी अमेरिकेतील जे. आय. केस या शेतीयंत्रांच्या कंपनीत १९६० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी ही पद्धत संगणकावर राबविली. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९७५ साली प्रसिद्ध झाला.

अशा आज्ञावली बहुतेक कारखान्यांनी स्वतःच लिहवून घेतल्या. एखादा ग्राहक उधारीस पात्र आहे की नाही, ओतकामात किती टक्के माल वाया जाईल असे धरावे, कोणत्या सुट्या भागाऐवजी कोणता चालेल, हे कारखान्यातील अनुभवजन्य नियम त्यांत हळूहळू साठत गेले. ते अन्यत्र कोठेही लिहिलेले नसत. जुनी आज्ञावली टाकून देणे अवघड होते, त्याचे मुख्य कारण हेच होय.

यंत्रबदल व जुन्या आज्ञावली : १९६४ साली आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली. १९५९ साली जाहीर झालेल्या ‘१४०१’ या लोकप्रिय संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावली तिच्यावर सरळ चालत नसत. म्हणून नव्या यंत्राला जुन्या यंत्राचे अनुकरण करता येईल अशी सोय कंपनीने पुरविली. परिणामी अनेक ठिकाणी यंत्र नवे आले, पण आत जुनीच आज्ञावली चालत राहिली. आज्ञावलींच्या उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्या मेअर लेहमन यांनी १९७४ पासून मांडलेल्या नियमांनुसार वापरात असलेली आज्ञावली सतत बदलावी लागते आणि हेतुपुरस्सर प्रयत्न न केल्यास प्रत्येक बदलागणिक तिची गुंतागुंत वाढत जाते.

१९७२ साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जर्मन अभियंत्यांनी ‘सॅप’ ही कंपनी स्थापन केली. ब्रिटिश रसायन कंपनी आयसीआय हिच्या जर्मनीतील कारखान्यासाठी त्यांनी पहिले काम केले. प्रत्येक कारखान्यासाठी वेगळी आज्ञावली लिहिण्याऐवजी एकच तयार संच अनेकांना वापरता यावा, हा त्यांचा उद्देश होता. या कंपनीचा ‘आर/३’ हा संच १९९२ साली आला. अशा एकत्रित संचांना ‘ईआरपी’ म्हणजे उद्योगातील सर्व साधनांचे नियोजन करणाऱ्या प्रणाली असे नाव मिळाले.

पुरवठादारावर अवलंबून राहण्यातील धोका भारताने १९७८ साली अनुभवला. परकीय भागभांडवलासंबंधीच्या धोरणावरून मतभेद झाल्यामुळे आयबीएमने त्या वर्षी भारतातील व्यवसाय बंद केला. तिच्या संगणकांच्या देखभालीचे काम कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने हाती घेतले.

इ. स. २००० चा प्रश्न : छिद्रित पत्रावर ८० च स्तंभ असत व स्मृतिसाठाही महाग असे. त्यामुळे वर्ष दोनच अंकांत लिहिण्याची रीत पडली. २००० साल ‘००’ असे लिहिल्यास ते १९०० समजले जाण्याचा व त्यामुळे वायदे, मालाचे वय आणि मागणीचा क्रम चुकण्याचा संभव होता. रॉबर्ट बेमर यांनी १९७१ सालीच याविषयी लिहिले होते. तथापि बहुतेक उद्योगांनी १९९५ नंतरच दुरुस्ती हाती घेतली. काहींनी जुन्या कोबॉल आज्ञावली दुरुस्त करून घेतल्या. यातील बरेच काम भारतीय कंपन्यांना मिळाले व त्यांच्या निर्यातीस चालना मिळाली. इतरांनी जुनी व्यवस्था पूर्णपणे बदलली.

अमेरिकेतील हर्शी या चॉकोलेट कंपनीचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. ४८ महिन्यांचे समजले गेलेले काम तिने २००० सालापूर्वी संपावे म्हणून ३० महिन्यांत बसविले. बदल लांबत जाऊन जुलै १९९९ मध्ये झाला; हॅलोविन सणाच्या मागण्या नेमक्या त्याच सुमारास येत होत्या. माल कोठारात होता, पण तो वेळेवर दुकानदारांकडे पोहोचेना. त्या वर्षाच्या तिसऱ्या तिमाहीत कंपनीची विक्री सुमारे १२ टक्क्यांनी व नफा सुमारे १९ टक्क्यांनी घटला. याच कंपनीने २००२ साली पुढील आवृत्ती बसविली, तेव्हा चाचण्यांना पुरेसा वेळ देऊन ते काम सुरळीत पार पाडले.

कायद्यातील बदल : भारतात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. केंद्रीय उत्पादनशुल्क, सेवाकर, बहुतेक मालावरील मूल्यवर्धित कर आणि मुंबईतील जकात यांची जागा त्याने घेतली. त्यामुळे प्रत्येक कारखान्याच्या बीजकाची रचना बदलली. यासंबंधीची घटनादुरुस्ती २०१६ सालीच झालेली होती. पुढे १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांवर उलाढाल असलेल्या उद्योगांना ई-बीजक सक्तीचे झाले. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येऊन १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. पुणे, नाशिक, कोल्हापूर येथील अनेक लहान कारखाने अशा रीतीने तिच्या कक्षेत आले. ज्यांची आज्ञावली लिहिणारा माणूस उपलब्ध नव्हता, त्यांना दुरुस्तीचा मार्ग बंद होता.

पूर्वनियोजन : बदलीची तयारी गरज उद्‌भवण्यापूर्वी करावयाची असते. प्रथम वापरातील सर्व आज्ञावलींची यादी करून प्रत्येकीचा पुरवठादार, देखभालीची मुदत व जाणकार व्यक्ती यांची नोंद ठेवतात. नंतर आज्ञावलीत दडलेले नियम भांडारपाल, खरेदी अधिकारी व पर्यवेक्षक यांच्याकडून समजून घेऊन लिहून काढतात. एकाच वस्तूला दिलेले दोन क्रमांक, बंद झालेले ग्राहक, चुकीचे मालसाठे यांची शुद्धी जुन्या प्रणालीतच करणे श्रेयस्कर असते. अशुद्ध नोंदी नव्या प्रणालीत गेल्यास तीही लवकरच अविश्वसनीय ठरते. यानंतर बदल एकदम करावा की विभागवार, हे ठरवितात. विभागवार बदलात काही काळ दोन्ही प्रणाली चालवाव्या लागून कर्मचाऱ्यांवर दुप्पट भार पडतो; एकदम केलेल्या बदलात चूक झाल्यास संपूर्ण कारखाना अडतो. कोणताही मार्ग स्वीकारला, तरी प्रत्यक्ष बदल मंदीच्या हंगामात करणे इष्ट असते.

सद्यःस्थिती : सॅप कंपनीने आपल्या जुन्या, परंतु अद्याप विस्तृत वापरात असलेल्या ‘ईसीसी ६’ या संचाच्या नेहमीच्या देखभालीची २०२५ ही मुदत फेब्रुवारी २०२० मध्ये वाढवून अलीकडील आवृत्त्यांसाठी २०२७ अखेरपर्यंत नेली, जादा शुल्क भरणाऱ्यांसाठी ती २०३० पर्यंत आहे. ही तारीखही इ. स. २००० प्रमाणेच पुष्कळ आधी जाहीर झालेली आहे. मुदतवाढीने मिळालेल्या अवधीत नियम लिहून काढणे व नोंदींची शुद्धी करणे ही कामे झाली, तरच ती उपयोगी पडते. जाणकार माणसे निवृत्त झाल्यानंतर ही कामे पैसा खर्चूनही पुरती होत नाहीत.