नकाशाचा समास : एव्हरेस्टच्या विवृत्ताभापासून शेपफाइलपर्यंत

प्रस्तावना

भौगोलिक माहिती प्रणालीचा उपयोग आता भूगोलापुरता मर्यादित राहिलेला नाही. इतिहास, पुरातत्त्व, कृषी, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विषयांतील संशोधकही जुने नकाशे संगणकावर आणून त्यांवर उपग्रहचित्रे आणि जनगणनेची आकडेवारी बसवितात. अशा वेळी दोन नकाशांतील एकच नदी दोन ठिकाणांहून वाहताना दिसते. हा दोष बहुधा संगणकप्रणालीच्या माथी मारला जातो. वस्तुतः त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकातील भारतीय सर्वेक्षणाच्या इतिहासात आहे. फाइलचे स्वरूप बदलल्याने तो नाहीसा होत नाही, केवळ दृष्टिआड होतो. प्रस्तुत लेखात या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

एव्हरेस्टचा विवृत्ताभ आणि फुटाचा प्रश्न

विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजली आणि त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ केला. दक्षिणेकडून उत्तरेकडे ७८ रेखांशाच्या आसपास त्रिकोणांची जी साखळी त्याने उभारली, ती पुढे ‘महाकंस’ या अर्थाच्या इंग्रजी नावाने ओळखली गेली. १८२३ मध्ये हे काम अपुरे असतानाच वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याची कबरही तेथेच आहे. उरलेले काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले. १८३० ते १८४३ या काळात तो भारताचा महासर्वेक्षक होता.

पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. म्हणून मोजमापे बसविण्यासाठी एक गणिती आकार, म्हणजे विवृत्ताभ, ठरवावा लागतो. एव्हरेस्टने १८३० मध्ये ठरविलेला विवृत्ताभ भारतीय उपखंडाच्या पृष्ठभागाशी जुळणारा होता, संपूर्ण पृथ्वीशी नव्हे. त्यामुळे त्यास चुकीचा म्हणणे अन्यायाचे होईल. तो ज्या कामासाठी घडविला होता ते काम त्याने दीड शतकाहून अधिक काळ चोख केले. मध्य भारतातील सिरोंजजवळचे कल्याणपूर हे या पद्धतीचे मूळस्थान ठरले आणि देशातील अक्षांश-रेखांश तेथून मोजले गेले.

खरी गुंतागुंत झाली ती एककांमुळे. एव्हरेस्टने विवृत्ताभाचा मोठा अर्धअक्ष २,०९,२२,९३१.८ फूट दिला होता. परंतु हा फूट भारतात वापरात असलेल्या प्रमाणदांडावर आधारलेला होता आणि त्याचे मीटरमध्ये रूपांतर करण्याचे गुणोत्तर कालांतराने बदलत गेले. १९३७ च्या व्याख्येनुसार हा अक्ष ६३,७७,२७६.३४५ मीटर होतो, तर १९७५ च्या व्याख्येनुसार ६३,७७,२९९.१५१ मीटर. फुटांतील आकडा तोच, मात्र मीटरमध्ये तेवीस मीटरांचा फरक. अंतरांच्या दृष्टीने तो हजार किलोमीटरमागे साडेतीन मीटरांच्या आसपास, म्हणजे क्षुल्लक वाटेल असा आहे. तथापि एका नावाखाली अनेक पाये वावरू लागले, ही बाब क्षुल्लक नव्हती. निर्देशांक पद्धतींना सांकेतिक क्रमांक देणाऱ्या ईपीएसजी या आंतरराष्ट्रीय संग्रहात आज कल्याणपूरच्या नावे १८८०, १९३७, १९६२ आणि १९७५ अशा वेगवेगळ्या नोंदी आढळतात. नुसते ‘एव्हरेस्ट’ एवढेच लिहिलेली फाइल हाती आल्यास यांपैकी कोणती नोंद अभिप्रेत आहे, हे फाइल उघडून कळत नाही.

पत्रकांची रचना व प्रक्षेपण

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थलनिर्देशक पत्रके बहुशंकू प्रक्षेपणावर काढली गेली. अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षणासाठी फर्डिनंड हॅसलर याने विकसित केलेल्या या प्रक्षेपणात प्रत्येक पत्रकास स्वतःचे मध्य रेखावृत्त घेता येते. पुणे शहराचा बराचसा भाग दाखविणारे ४७ एफ/१४ हे पत्रक सुटे पाहिले तर अतिशय अचूक भासते. अनेक पत्रके चहूबाजूंनी जोडू लागल्यावर मात्र कडांशी अल्पशी फट राहते. कागदाच्या जमान्यात ती फट कात्रीने व डिंकाने भागविली जात असे. संगणक असा समजूतदारपणा दाखवीत नाही.

पत्रकाच्या समासात सर्वेक्षणाचे वर्ष, आवृत्ती, प्रमाण, चुंबकीय उत्तरेचा कोन व शेजारील पत्रकांची सूची छापलेली असे. देशात एकच पाया प्रचलित असल्याने तो वेगळा सांगण्याची निकड भासत नसे. पुढे पत्रके स्कॅन करताना अनेक ठिकाणी हा समासही ‘अनावश्यक’ म्हणून कापला गेला. नकाशा राहिला, त्याचा जन्मदाखला मात्र गेला.

गावनकाशांची स्थिती याहून निराळी आहे. मुंबई इलाख्यातील महसुली मोजणी ३३ फुटी साखळीने झाली. त्या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. या मोजणीचा हेतू साऱ्याची आकारणी हा होता, अक्षांश-रेखांश नव्हे. त्यामुळे अशा नकाशास मुळात डेटमच नाही. त्याला तो बाहेरून, बांध, विहिरी व शिवेचे दगड यांच्या आधारे द्यावा लागतो.

दोन पायांमधील अंतर

२ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएस संकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेला दोष काढून टाकला आणि सामान्य उपकरणावरही काही मीटरांपर्यंत स्थान मिळू लागले. हे स्थान डब्ल्यूजीएस-८४ या संपूर्ण पृथ्वीसाठी ठरविलेल्या पायावर असते. त्याचा मोठा अर्धअक्ष ६३,७८,१३७ मीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या १९३७ च्या आकड्यापेक्षा सुमारे ८६१ मीटर अधिक आहे. दोन्हींची केंद्रेही एक नाहीत. परिणामी पुण्याच्या परिसरात एकाच अक्षांश-रेखांशाची दोन स्थाने जमिनीवर शंभर ते दीडशे मीटर दूर पडतात. १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर हे अंतर दोन-तीन मिलिमीटर आहे. तेवढ्या अंतरात नाल्याच्या अलीकडची वस्ती पलीकडे जाते, वनहद्दीतील शेत हद्दीबाहेर येते आणि उत्खननाचा खड्डा भलत्याच टेकाडावर पडतो.

अमेरिकेच्या संरक्षण नकाशा संस्थेने भारत व नेपाळसाठी २९५, ७३६ व २५७ मीटर ही तीन रूपांतरमूल्ये प्रसिद्ध केली होती. प्रत्येक मूल्यात दहा ते पंधरा मीटरांची अनिश्चितता मान्य केलेली होती. आपल्याच देशाचे नकाशे आपल्याच देशात जुळविण्यासाठी संशोधकांना परकीय लष्करी संस्थेच्या अदमासावर विसंबावे लागावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. किनारपट्टी व सीमाभागांतील पत्रकांवरील निर्बंधांमुळे ही अडचण अधिकच वाढली.

१९ मे २००५ रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नकाशांच्या दोन मालिका केल्या. संरक्षण मालिका लष्करासाठी राहिली, तर खुली मालिका डब्ल्यूजीएस-८४ पाया आणि यूटीएम प्रक्षेपणावर काढावयाची ठरली. पत्रकांचे क्रमांकही बदलले. जुन्या ४७ क्रमांकाचा बहुतांश प्रदेश आता ई-४३ या अक्षरांकित विभागात येतो. यूटीएममध्ये पृथ्वीचे सहा अंशांचे पट्टे पाडलेले असून ४३ व्या आणि ४४ व्या पट्ट्यांची सीमा ७८ रेखांशावर आहे. म्हणजे लॅम्बटनने ज्या रेषेच्या आधाराने देश एकत्र विणला, तिच्याच लगत आज नकाशांचा सांधा आहे! अमरावती ४३ व्या पट्ट्यात, तर वर्धा व हिंगणघाट ४४ व्या पट्ट्यात पडतात. विदर्भाचा अभ्यास करणाऱ्यास हा सांधा टाळता येत नाही. येथे पट्टा चुकला तर स्थान सहाशे किलोमीटरांहून अधिक सरकते, परंतु अशी घोडचूक लगेच डोळ्यांत भरते. शे-सव्वाशे मीटरांची चूक मात्र प्रबंधात, अहवालात व प्रसंगी न्यायालयातही निर्वेधपणे जाऊन बसते.

फाइलचा समास

१९९० च्या दशकात ईएसआरआय कंपनीचे शेपफाइल हे स्वरूप प्रचारात आले आणि १९९८ मध्ये त्याची तांत्रिक रचना प्रसिद्ध झाली. आकृतीसाठी एसएचपी, सूचीसाठी एसएचएक्स व माहितीसाठी डीबीएफ अशा तीन फाइली त्यात अनिवार्य आहेत. पाया व प्रक्षेपण सांगणारी पीआरजे फाइल मात्र ऐच्छिक ठेवली गेली. पेनड्राइव्हवरून नकाशा देताना नेमकी हीच फाइल मागे राहते. हा संगणकयुगातील कापलेला समासच होय. आराखडाकारांच्या डीएक्सएफ फाइलींत तर बहुधा एवढीही सोय आढळत नाही.

मराठी माहितीसाठी डीबीएफ आणखी एका कारणाने अपुरी पडते. तिच्यातील रकान्याचे नाव दहा बाइट्सपेक्षा मोठे असू शकत नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेते. म्हणजे तीन चिन्हांतच रकान्याचे नाव संपते. ‘तालुका’ या शब्दालाही तेथे जागा नाही.

२०१४ मध्ये मान्यता पावलेल्या जिओपॅकेजने पायाची नोंद त्याच एका फाइलमध्ये ठेवली. जिओजेसनने २०१६ च्या प्रमाणकात डब्ल्यूजीएस-८४ हाच एकमेव पाया ठरवून प्रश्नच मिटविला, मात्र त्यामुळे जुने निर्देशांक आधी रूपांतरित करणे भाग पडते. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांसाठी पूर्वपरवानगीची अट बव्हंशी शिथिल केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर झाले. यामुळे नवी माहिती मोकळी झाली. तथापि महाविद्यालयांच्या भूगोल विभागांतील कपाटांत असलेली जुनी पत्रके एव्हरेस्टच्याच पायावर आहेत. धरणांच्या पाण्याखाली गेलेली गावे, पात्र बदललेल्या नद्या व मोडलेल्या गाडीवाटा यांचे स्थान सांगणारा आधार अनेकदा तीच पत्रके असतात. ती स्कॅन होतील तेव्हा पत्रकाच्या चारही कडा, सर्वेक्षणाचे वर्ष आणि रूपांतरासाठी वापरलेली मूल्ये फाइलसोबत जतन होणे अगत्याचे आहे.