ध्वनिलहरींद्वारे माहितीवहन : अकूस्टिक कपलरचा इतिहास

प्रस्तावना : दोन यंत्रांनी हवेतील ध्वनिलहरींच्या साहाय्याने परस्परांना माहिती पाठविणे ही कल्पना स्मार्टफोनच्या युगातील वाटते. वस्तुतः तिचा महत्त्वाचा टप्पा १९६० च्या दशकातील अमेरिकेत आढळतो. या पद्धतीच्या प्रसारामागील कायदेशीर व सामाजिक कारणांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

निर्बंध आणि पर्याय : अमेरिकेच्या दूरध्वनी व्यवस्थेवर त्या काळी ए. टी. अँड टी. कंपनीचे वर्चस्व होते. ग्राहकाने अन्य कोणाचे उपकरण तिच्या तारांना जोडू नये, असा नियम होता. दुसरीकडे, दूरध्वनीच्या शोधाला सुमारे नव्वद वर्षे होत आली तरी कर्णबधिरांना त्याचा उपयोग नव्हता. रॉबर्ट वाइटब्रेक्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये यावर उपाय शोधला. त्याचा कपलर टेलिप्रिंटरच्या विद्युत संकेतांचे ध्वनीत रूपांतर करी व तो ध्वनी वर ठेवलेल्या रिसीव्हरला ऐकवी. पलीकडचा कपलर त्याचे पुन्हा विद्युत संकेत करी आणि कागदावर अक्षरे उमटत. तारेशी प्रत्यक्ष जोडणी करावी लागत नसे. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत १४०० व १८०० हर्ट्झचे दोन स्वर वापरले जात. वेग मिनिटाला सुमारे ६० शब्द असे. ज्यांना ऐकू येत नव्हते, त्यांचाच दूरसंवाद अशा रीतीने ध्वनीवर चालू लागला.

विस्तार आणि ऱ्हास : हेच तत्त्व संगणकाच्या टर्मिनललाही लागू पडले. सेकंदाला ३०० बिट हा त्याचा प्रचलित वेग होता. मात्र खोलीतील गोंगाटामुळे संकेतांत चुका होत. १९६८ च्या 'कार्टरफोन' निर्णयाने परक्या उपकरणांवरील सरसकट बंदी उठली. तारेला थेट जोडता येणारे मोडेम सुलभ झाले, तसा १९८० च्या दशकात कपलर मागे पडला.

पुनरागमन : २०१७ मध्ये गूगलने भारतात आणलेल्या 'तेज' या अॅपमध्ये जवळचे दोन फोन मानवी कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीने परस्परांना ओळखत. त्यासाठी वेगळ्या चिपची गरज नव्हती. प्रत्येक फोनमधील स्पीकर व मायक्रोफोन पुरेसे होते.

समारोप : हवेतील ध्वनी हा माहितीवहनाचा वेगवान मार्ग कधीच नव्हता. परंतु जेथे तार निषिद्ध होती वा समान चिप उपलब्ध नव्हती, तेथे तो उपयोगी पडला. तंत्रज्ञानाच्या इतिहासात केवळ वेगाची नोंद न घेता, कोणासाठी दार बंद होते याचीही नोंद घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.