लखनौ आणि संगणकाची निवड

लखनौ शहराचे छपाईशी जुने नाते आहे. १८५८ साली मुन्शी नवलकिशोर यांनी तेथे छापखाना काढला आणि पुढील काही दशकांत उर्दू, फारसी, अरबी, हिंदी व संस्कृत ग्रंथांची मोठी संपदा त्यातून बाहेर पडली. खिळ्यांची छपाई त्या वेळी अज्ञात नव्हती. तरीही उर्दू ग्रंथांसाठी त्यांनी मुख्यतः शिळाछापाचाच आश्रय घेतला. नस्तालीक लिपीची वळणे सुट्या खिळ्यांत नीट बसत नसत, आणि वाचकाच्या डोळ्यांना सवय होती ती खुशनवीसाच्या हस्ताक्षराची. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले, तेही शिळाप्रेसवरच. कोणते यंत्र श्रेष्ठ, हे ठरविण्यापूर्वी ते कोणासाठी हवे आहे हे विचारावे लागते, याची त्या मुद्रकांना पुरती जाण होती.

दीड शतकानंतर हाच प्रश्न लखनौपुढे निराळ्या रूपाने उभा राहिला. बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना संगणक देण्याचे आश्वासन देऊन २०१२ च्या मार्चमध्ये अखिलेश यादव यांचे सरकार उत्तर प्रदेशात अधिकारावर आले. ११ मार्च २०१३ रोजी लखनौच्या कॉल्विन तालुकदार्स कॉलेजात पहिल्या दहा हजार लॅपटॉपांचे वाटप झाले. अवधच्या तालुकदारांच्या मुलांसाठी एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेल्या संस्थेच्या आवारात सामान्य घरांतील मुलेमुली आपापले यंत्र घेऊन बाहेर पडली. एका यंत्राची किंमत १९,०५८ रुपये आणि खरेदी सुमारे १५ लाखांची. म्हणजे हा व्यवहार २,८०० कोटी रुपयांहून अधिक होता. एवढ्या सार्वजनिक पैशाची निवड कोणत्या तत्त्वावर व्हावी?

निव्वळ कार्यशक्तीचा निकष लावला, तर टेबलावरचा संगणकच सरस ठरतो. इंटेल कंपनीने २०११ च्या आरंभी आणलेल्या दोन प्रोसेसरांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. दोहोंचे घराणे एकच, 'आय-५'. परंतु टेबलावरच्या 'आय-५ २५००' मध्ये गणन करणारे चार गाभे होते, त्याची मूळ गती ३.३ गिगाहर्ट्‌झ होती आणि त्याच्यासाठी उष्णतेची मर्यादा ९५ वॉटची होती. लॅपटॉपसाठी असलेल्या 'आय-५ २५२०एम' मध्ये गाभे दोनच, मूळ गती २.५ गिगाहर्ट्‌झ आणि मर्यादा ३५ वॉट. हा भेद कंपनीच्या लहरीमुळे पडलेला नाही. विजेचा खर्च गतीच्या प्रमाणात आणि वीजदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्या खर्चाची उष्णता होते. आणि दोन बोटे जाडीच्या पेटीतून ती उष्णता बाहेर काढणे कठीण असते. शिवाय टेबलावरच्या संगणकाचा एखादा भाग बिघडला, तर तेवढाच बदलता येतो.

मग लॅपटॉपची निवड चुकली काय? याचे उत्तर प्रोसेसरात नाही, ते विजेच्या तारेत आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे उत्तर प्रदेशातील अवघ्या ३६.८ टक्के कुटुंबांत उजेडासाठी मुख्यतः वीज वापरली जात होती. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे वीजजाळे लागोपाठ दोन दिवस कोसळले, त्यात हे राज्यही अंधारात बुडाले. वीज जाताच टेबलावरचा संगणक तत्क्षणी बंद पडतो आणि न जतन केलेले काम त्याच्याबरोबर जाते. लॅपटॉपची बॅटरी काही तास तग धरते आणि जिथे वीज असेल तिथे तो नेऊन भारित करता येतो. बाराबंकी किंवा सीतापूरच्या खेड्यातील मुलीला ९५ वॉटचा वेगवान पण बंद संगणक काय उपयोगाचा? महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अथवा कचेरीत, जिथे विजेची शाश्वती आहे, तिथे मात्र हाच न्याय उलटा लागू होतो.

दुसरी निवड ऑपरेटिंग सिस्टिमची. येथे सरकारने एकाची निवड न करता दोन्ही दिल्या : मायक्रोसॉफ्टची विंडोज ७ आणि मुक्त परंपरेतील उबंटू लिनक्स. यंत्र सुरू करताना विद्यार्थ्याने हवी ती निवडावी, अशी ही योजना. हिंदी, उर्दू व इंग्रजी या तिन्ही भाषांत काम करण्याची सोय होती. डावीकडून लिहिली जाणारी नागरी आणि उजवीकडून लिहिली जाणारी उर्दू एकाच पडद्यावर नांदू लागली. नवलकिशोरांच्या शहराला हे शोभण्यासारखेच होते.

तथापि दोन दारे ठेवली म्हणजे दोन्हींतून जाणे होतेच असे नाही. ज्या प्रणालीची ओळख शेजारी, शिक्षक आणि बाजार करून देतो, तिच्याकडेच नवशिका वळतो. केरळने हे ओळखले होते. तेथील सरकारी शाळांनी मुक्त प्रणाली स्वीकारली, तेव्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जोडही तिला मिळाली. उत्तर प्रदेशाच्या योजनेत यंत्र थेट घरी गेले; तिथे शिकविणारा कोण, हा प्रश्न घरच्यांवरच राहिला.

या निवडीचे महत्त्व पुढे उघड झाले. १४ जानेवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ साठी सर्वसामान्य सुरक्षा-दुरुस्त्या पुरविणे थांबविले. नवी विंडोज घेणे म्हणजे बहुधा अधिक मेमरी, अधिक खर्च. लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या मात्र विनामूल्य मिळतात आणि जुन्या यंत्रावरही चालतात. ज्याने २०१३ साली दुसरे दार उघडून पाहिले असेल, त्याला ही वाट परिचित होती. इतरांच्या यंत्रांना सात वर्षांतच वार्धक्य आले.

तेव्हा संगणक घेताना वेगाचे आकडे अखेरीस पाहावेत. आधी पाहावे की घरात वीज किती तास असते, काम कोणत्या भाषेत व्हायचे आहे, बिघाड झाल्यास दुरुस्त कोण करील आणि दहा वर्षांनी ही प्रणाली कोणाच्या आधारावर चालेल. सरकारने १५ लाख यंत्रे घ्यावीत किंवा एखाद्या गृहस्थाने एकच घ्यावे, हिशेब हाच आहे.